मुंबईची तळी आणि पुण्याचा वंश

दख्खनच्या पठारावर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना तळ्यावाचून गावाची कल्पनाच करवत नाही. कुतुबशाही अमदानीत इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकीर्दीत ज्याचा बांध घातला गेला, तो हैदराबादचा हुसेनसागर तेथील चिक्कडपल्लीच्या वस्तीपासून फार दूर नाही. त्याच्या सांडव्याचा नाला अशोकनगरच्या अंगाने वाहत जाऊन पुढे मुशी नदीला मिळतो. बांध कोणी घातला, खर्च किती पडला, कोणत्या साली पूर आला आणि कोणत्या साली पाणी आटले, याच्या नोंदी राज्यकर्त्यांच्या दप्तरी कमीअधिक प्रमाणात सापडतात. परंतु त्याच पाण्यात सृष्टीच्या आरंभकाळापासून चालत आलेली जी दुसरी एक वंशावळ नांदत असते, तिची दप्तरे वाचण्याचे कौशल्य मनुष्याला फार उशिरा प्राप्त झाले. नर आणि मादी हा भेद सजीवसृष्टीत कसा उत्पन्न झाला आणि तो पिढ्यानुपिढ्या कोणत्या सूत्राने टिकून राहिला, या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या गोड्या पाण्यात लिहिले गेले, आणि त्याचा एक धागा पुढे पुण्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. म्हणून ती सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

इंग्लंडातील डेव्हन परगण्यात १८१३ साली जन्मलेला हेन्री जॉन कार्टर हा वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत रुजू झाला. याच नावाशी साम्य असलेला दुसरा एक कार्टर, ज्याने ग्रे याच्या शरीरशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढली तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, १८५८ मध्ये मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करू लागला. दोघेही वैद्य, दोघेही सूक्ष्मदर्शकाचे उपासक आणि दोघेही एकाच शहरात असल्याने त्यांच्या कार्याची सरमिसळ आजही होते, ती टाळली पाहिजे. आपला कार्टर हा बहुश्रुत वृत्तीचा मनुष्य होता. अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ या जहाजावर त्याने काही काळ काढला. मुंबई बेटाच्या भूस्तरांवर त्याने निबंध लिहिला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद सांभाळले. आणि सरकारी कामातून जो वेळ उरे तो तळ्यातील गोड्या पाण्याचे स्पंज, आदिजीव व शैवाले यांच्या निरीक्षणात घालविला. मोठी प्रयोगशाळा, हाताखाली विद्यार्थ्यांचा ताफा किंवा समव्यवसायी पंडितांचा रोजचा सहवास यांपैकी त्याच्यापाशी काहीही नव्हते. बंगल्यातील एक मेज, एक उत्तम सूक्ष्मदर्शक, आणि पावसाळा संपल्यावर बेटावरील तळ्यांत साचून राहिलेले हिरवट पाणी, एवढ्याच सामग्रीवर त्याने जे पाहिले ते युरोपातील पहिल्या प्रतीच्या शास्त्रज्ञांनाही विचारात घ्यावे लागले.

त्या पाण्यात व्हॉल्व्हॉक्स नावाचे शैवाल असे. काचेच्या भांड्यात असे पाणी घेऊन खिडकीच्या उजेडासमोर धरले, तर बाजरीच्या दाण्याहूनही बारीक असे हिरवे गोल स्वतःभोवती गिरक्या घेत प्रकाशाकडे सरकताना नुसत्या डोळ्यांनाही दिसतात; म्हणूनच डच निरीक्षक लेव्हेनहुक याला १७०० च्या सुमारास ते डेल्फ्टनजीकच्या पाण्यात आढळले आणि पुढे लिनियसने त्यांच्या लोळण्याच्या गतीवरून त्यांना हे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता प्रत्येक गोल हा पारदर्शक श्लेष्मल द्रव्याचा पोकळ चेंडू असल्याचे दिसून येते. त्याच्या पृष्ठभागावर सुमारे 2,000 सूक्ष्म पेशी बसविलेल्या असतात, प्रत्येकीला दोन कशाभिका असतात, आणि या सर्व कशाभिकांच्या एकतालात चाललेल्या फटकाऱ्यांनी तो चेंडू पाण्यात वल्हवला जातो. आतील भागात मात्र सोळाच्या आसपास मोठ्या, गडद हिरव्या पेशी असतात. पोहण्याचे काम त्यांच्याकडे नाही. संततीची जबाबदारी तेवढी त्यांच्याकडे आहे. त्यांतील प्रत्येक पेशी विभागत विभागत एक संपूर्ण बालगोल तयार करते, हे बालगोल आईच्या पोटात वाढतात, आणि योग्य समयी तिचे आवरण भेदून बाहेर पडतात. मागे राहिलेल्या 2,000 पेशी वार्धक्य येऊन मरतात. श्रमविभाग आणि मृत्यू या दोन्ही गोष्टी एवढ्या साध्या देहात एकत्र पाहावयास मिळतात, म्हणून व्हॉल्व्हॉक्सकडे जीवशास्त्रज्ञ आजतागायत इतक्या आस्थेने वळत आले.

कार्टरच्या काळी मात्र उत्कंठेचा विषय निराळा होता. शैवालासारख्या हीन गणल्या गेलेल्या वनस्पतींना स्त्री-पुरुषभेद असतो काय, हा तेव्हाचा जिवंत वाद होता. फ्रान्समध्ये थ्युरे याने १८५४ मध्ये समुद्रशैवालातील फलन दाखविले; जर्मनीत प्रिंग्सहाइमने पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गोड्या पाण्यातील शैवालांत तेच सिद्ध केले; आणि ब्रेस्लाव येथील फर्डिनंड कोन याने १८५६ मध्ये व्हॉल्व्हॉक्सच्या लैंगिक प्रजननाविषयी लिहिले. ही वार्ता जहाजाने मुंबईस पोहोचण्यास जो अवधी लागे तो लक्षात घेता, १८५८ मध्ये युडोरिना या नातलग शैवालातील फलनावर आणि १८५९ च्या आरंभी दोन प्रकारच्या व्हॉल्व्हॉक्समधील फलन व त्यांतील जातिभेद यांवर कार्टरने लंडनच्या ‘ॲनल्स अँड मॅगझीन ऑफ नॅचरल हिस्टरी’त जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांचे मोल अधिकच भरते. १८५९ हे वर्ष डार्विनच्या महाग्रंथाचेही आहे. त्याच वर्षी कार्टरला रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. १८६२ मध्ये तो सेवानिवृत्त होऊन डेव्हनमधील आपल्या जन्मगावी परतला, उरलेले आयुष्य त्याने स्पंजांच्या अध्ययनात घालविले आणि १८९५ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. १८७८ मध्ये प्राग येथील फ्रीड्रिख श्टाइन याने सूक्ष्म जीवांवरील आपल्या विशाल ग्रंथात मुंबईच्या त्या व्हॉल्व्हॉक्सला स्वतंत्र जाती ठरवून तिला कार्टरचे नाव दिले: व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी. आज जगातील ज्या ज्या प्रयोगशाळेत बहुपेशीय जीवनाच्या उगमाचा अभ्यास चालतो, तेथे मुंबईच्या पाण्यावरून निघालेले हे नाव रोज उच्चारले जाते.

ज्या तळ्यांनी हे नाव दिले त्यांची कहाणी मात्र दुःखद आहे. १८५४ च्या तीव्र पाणीटंचाईनंतर सरकारने विहार तलावाचे काम हाती घेतले, १८६० मध्ये त्याचे पाणी शहरात आले, आणि नळाच्या पाण्याची सोय होताच जुन्या तळ्यांचे महत्त्व ओसरू लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मलेरियाच्या चौकशीनंतर तळी व विहिरी बुजविण्यास आणखी जोर चढला. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आता केवळ नावे उरली आहेत. रोगनिवारणाची निकड मी नाकारीत नाही. लहान मुलांचे प्राण वाचविण्यासाठी जे केले गेले ते करणे प्राप्तच होते. परंतु तळे बुजविण्याचा निर्णय घेताना त्यातील जीवांची एक यादी तरी करून ठेवावी, असे कोणाही अधिकाऱ्याच्या मनात येऊ नये, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. शहाणपणाचे काम काही शिक्षकांनी आपण होऊन केले. मुंबईत एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यातील शैवाले ऋतुमानानुसार कशी पालटत जातात याचे निरीक्षण करून १९४६ मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले, एन. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शैवालांची विस्तृत यादी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. आणि आमच्या हैदराबादेत ए. आर. झाफर यांनी येथील मत्स्यतलावांतील शैवालांवर १९६४ पासून लेखमाला लिहिली आणि १९६६ मध्ये खुद्द हुसेनसागराच्या जलस्थितीवर निबंध प्रसिद्ध केला. या कामांना तेव्हा कोणी फारसे मोठे म्हटले नाही, पण आज त्या तळ्यांचे पूर्वरूप जाणण्यास तोच काय तो विश्वसनीय दाखला आहे.

या परंपरेचे कुलगुरू म्हणजे मद्रासचे एम. ओ. पार्थसारथी अय्यंगार. १९३३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दक्षिण हिंदुस्थानातील व्हॉल्व्हॉक्सकुलीन शैवालांवर जो प्रबंध लिहिला, त्यात कार्टरच्या जातीचे एक विशिष्ट रूप ओळखून त्याला ‘नगरिएन्सिस’ असे स्थलवाचक नाव दिले. दक्षिणेच्या पाण्यात ओळखलेल्या या रूपाला पुढे अनपेक्षित भाग्य लाभावयाचे होते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे रिचर्ड स्टार हे जगभरच्या मातीतून व पाण्यातून शैवालांचे जिवंत वंश गोळा करीत होते. जपानमधील कोबे येथे त्यांना याच नगरिएन्सिस रूपाचे नर व मादी असे दोन्ही वंश मिळाले, ते प्रयोगशाळेत वाढविता आले, त्यांचा संकर घडवून आणता आला, आणि १९६९ मध्ये त्यांनी त्यांचे सविस्तर वर्णन छापताच हे शैवाल आनुवंशशास्त्राच्या दरबारात मानकरी म्हणून दाखल झाले.

या जातीत नर गोल निराळा आणि मादी गोल निराळा. एरवी, म्हणजे पाणी विपुल व थंड असताना, दोघांत फरक ओळखता येत नाही; दोघेही अलैंगिक रीतीने बालगोल प्रसवत असतात. लैंगिक अवस्था येते ती एका द्रव्याच्या संकेताने. हे शर्करायुक्त प्रथिन असून ते पाण्यात इतक्या अल्प प्रमाणात असले तरी कार्य करते की, ज्ञात असलेल्या अत्यंत प्रभावी जैवद्रव्यांत त्याची गणना होते. त्याचा स्पर्श होताच मादीच्या पुढील पिढीत अंडपेशी तयार होतात आणि नराच्या पुढील पिढीत पुंयुग्मकांची, म्हणजे नर जननपेशींची, पुडकी. परंतु पहिला संकेत कोण देतो, हे कोडे बरीच वर्षे उलगडले नव्हते. १९८६ मध्ये सेंट लुइस येथील डेव्हिड कर्क आणि मेरिलिन कर्क या दांपत्याने दाखवून दिले की, पाण्याचे तापमान वाढले की सामान्य पेशीसुद्धा ते द्रव्य निर्माण करू लागतात. दख्खनमध्ये वाढलेल्या माणसाला या शोधाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. चैत्र-वैशाखात तळे आक्रसते, उथळ पाणी दुपारच्या उन्हाने तापते, आणि पाणी संपणार ही सूचना त्या तापातूनच गोलांना मिळते. मग अंड व पुंयुग्मक यांच्या संयोगाने जाड कवचाचा, नारिंगी-तांबूस रंगाचा युग्मनज तयार होतो, आणि तळाचा चिखल भेगाळून गेला तरी तो आत जिवंत राहतो. मृगाचा पाऊस पडून तळे भरले की त्यातून नवा गोल निघतो. ज्या जातीला असा उन्हाळा नियमाने सोसावा लागतो, तिच्यासाठी लैंगिक प्रजनन ही जगण्याची तरतूद आहे. मुंबईच्या तळ्यांत कार्टरला फलन पाहावयास मिळाले त्यामागेही हेच ऋतुचक्र असावे, असे मला वाटते.

आता गुणसूत्रांकडे वळू. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी कीटकांत लिंगनिर्णय करणारी गुणसूत्रे ओळखली. एक्स आणि वाय ही जोडी तेव्हापासून शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली. आपल्या देहातील पेशी द्विगुणित आहेत, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती त्यांत असतात, आणि लिंग ठरते ते फलनाच्या क्षणी. शैवालांचा कारभार याहून वेगळा. व्हॉल्व्हॉक्सचा पोहणारा गोल हा एकगुणित असतो. प्रत्येक गुणसूत्राची एकेकच प्रत, एकूण 14. द्विगुणित अवस्था येते ती केवळ युग्मनजात. त्यातून अर्धगुणसूत्री विभाजनाने चार केंद्रके निपजतात, त्यांपैकी एकच जगते, आणि लिंगनिर्णय होतो तो याच वेळी. अशा गुणसूत्रांना शास्त्रज्ञ यू आणि व्ही म्हणतात: यू केवळ मादीत आणि व्ही केवळ नरात. याचा पहिला दाखला शैवालांतून आला नाही. १९१७ मध्ये चार्ल्स ॲलन यांनी तो स्फेरोकार्पस नावाच्या यकृतक वर्गातील वनस्पतीत दाखविला होता. शैवालांचे जनुकीय वाचन सुरू झाल्यावर ही योजना हिरव्या शैवालांत आणि समुद्रातील तपकिरी शैवालांतही असल्याचे आढळले.

या योजनेत जे न्यायतत्त्व आहे ते मला फार मनोवेधक वाटते. आपल्याकडील वाय गुणसूत्र नेहमी एक्सच्या सोबतीने राहते. त्यातील एखादे जनुक बिघडले तरी सोबत्याकडील शाबूत प्रत काम भागवते, त्यामुळे वाय झिजत झिजत लहान होत गेले. यू आणि व्ही यांना मात्र असा आश्रय नाही. पोहणाऱ्या गोलात प्रत्येकजण एकटाच असतो, आणि जगण्यास अत्यावश्यक असे जनुक त्यावर असेल तर ते गमावण्याची मुभा त्याला नाही. दुसरीकडे, दोघे एकत्र येतात ते युग्मनजाच्या अल्पकाळात, आणि तेव्हाही लिंगनिर्णायक भागात त्यांच्यात अदलाबदल होत नाही. त्यामुळे दोघांतील तफावत लक्षावधी वर्षे वाढत जाते. झीज होते, पण ती दोन्ही पक्षांवर सारखीच.

ही तफावत मोजावयाची तर एकाच ठिकाणचे वंश पुरत नाहीत. दूर दूरच्या मुलखातील नातलग ताडून पाहावे लागतात. येथेच पुण्याचे नाव इतिहासात येते. कोबेच्या वंशाशी लग्न लावता येईल असा, तरीही जनुकांच्या लिखाणात त्याहून पुरेसा निराळा, असा नगरिएन्सिसचा एक वंश पुण्याहून मिळविण्यात आला होता, आणि संशोधकांच्या संग्रहात तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जातो. कर्क यांच्या प्रयोगशाळेतून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जपानी आणि पुणेरी वंशांचा संकर करून, केंद्रकातील आणि पेशींतील अंगकांतील जनुकीय वारसा संततीत कसा उतरतो हे पाहिले गेले. हजारो मैलांच्या अंतराने विभक्त झालेले दोन वंश एकमेकांना ओळखतात आणि संतती देतात. आणि त्यांच्या डीएनएमधील जागोजागच्या भेदांमुळे संततीतील कोणता तुकडा कोबेचा आणि कोणता पुण्याचा हे निश्चित सांगता येते. जनुकांचे नकाशे आखण्यास अशीच खूण लागते. वैविध्य हे शास्त्रात शोभेचे भूषण नव्हे. ते मोजमापाचे साधन आहे, आणि पुण्याच्या पाण्याने ते पुरविले.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. व्हॉल्व्हॉक्सचा एकपेशीय आप्त क्लॅमिडोमोनस, ज्याची दोन लिंगे आकाराने सारखीच असतात, त्याच्यात ‘मिड’ नावाचे जनुक एक पक्ष निश्चित करते असे पॅट्रिक फेरिस व उर्सुला गुडइनफ यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. २००६ मध्ये हिसायोशी नोझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातील दुसऱ्या एका शैवालात केवळ नरापाशी असणारे जनुक शोधून त्याला ‘ओतोकोगी’ हे जपानी नाव दिले. २०१० मध्ये व्हॉल्व्हॉक्स कार्टेरीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि त्याच वर्षी फेरिस, जेम्स उमेन व त्यांचे सहकारी यांनी त्यातील लिंगनिर्णायक भागाचे वर्णन केले: क्लॅमिडोमोनसमध्ये जो भाग लहान आहे, तोच येथे सुमारे पाचपट विस्तारलेला असून नर व मादी यांच्या प्रतींतील अंतर फार जुने असल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये उमेन यांच्या प्रयोगशाळेने मादीत मिड जनुक कार्यान्वित करताच तिच्या अंडपेशींच्या जागी पुंयुग्मकांची पुडकी तयार होतात, आणि नरातील तेच जनुक दाबून टाकल्यास तो अंडे तयार करू लागतो, हे प्रत्यक्ष करून दाखविले. कार्टरने भिंगाखाली जी दोन रूपे पाहिली, त्यांतील निवाडा एका जनुकाच्या असण्या-नसण्यावर होत होता.

तरीही प्रकरण येथे मिटले नाही. व्हॉल्व्हॉक्सच्या काही जातींत नर-मादी असे दोन वंशच नाहीत; एकच वंश अंडेही देतो आणि पुंयुग्मकेही. अशा जाती भिन्नलिंगी पूर्वजांतून निघाल्या, हे पूर्वीपासून मानले जात होते; परंतु त्या पूर्वजांची लिंगगुणसूत्रे मग कोठे गेली? २०२१ मध्ये यामामोतो, नोझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी पाण्यातील जातींचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा व्हॉल्व्हॉक्स आफ्रिकानस या एकवंशी जातीत मादीकडून आलेला सुमारे दहा लक्ष अक्षरांचा लिंगनिर्णायक भाग जवळजवळ अखंड सापडला, आणि नराचे मिड जनुक मात्र त्या भागाबाहेर, गुणसूत्रसंचात अन्यत्र, अनेक प्रतींनी नांदताना आढळले. म्हणजे मादीच्या वंशात नराचे जनुक शिरले आणि त्या वंशाला दुसऱ्याची गरज उरली नाही. हे एकदाच घडले की वेगवेगळ्या तळ्यांत वेगवेगळ्या रीतीने घडले, हे सांगावयाचे तर कोबे आणि पुणे ही दोनच गावे पुरणार नाहीत. हुसेनसागराच्या काठचा, वांद्र्याचा, कोल्हापूरच्या रंकाळ्याचा चिखल पावसाच्या पहिल्या आठवड्यात उचलून, वाळवून, नाव-गाव-तारीख घालून जपून ठेवावा लागेल, आणि ते काम जून महिन्यात विद्यार्थ्यांच्या हातूनही सहज होण्यासारखे आहे.